घरी वाचण्याचा ठराव

दिनांक बारा जुलै, वार शनिवार, सकाळी साडेअकरा. शाळा व्यवस्थापन समितीची सभा. हजर नऊ, गैरहजर चार. विषय क्रमांक तीन, रक्कम रुपये चारशे साठ.

चारशे साठ रुपये ही दोन तक्त्यांची किंमत. एकावर बाईच्या शरीराची आतली रचना, दुसऱ्यावर पुरुषाच्या. विज्ञानाच्या मॅडमनी ते नागपूरहून स्वतःच्या पैशानं मागवले होते आणि पावती जोडून शाळेच्या अनुदानातून रक्कम मागितली होती. ती नामंजूर झाली. तक्ते महाग आहेत असं कोणीच म्हटलं नाही. अध्यक्षांनी गुंडाळी अर्धी उघडली, घाईनं परत गुंडाळली आणि म्हणाले, "मॅडम, हे का दवाखाना आहे?"

मॅडम म्हणाल्या, "नाही. दवाखान्यात लोक फार उशिरा जातात. म्हणून शाळेत लावायचे."

त्या सभेचा ठराव माझ्या हस्ताक्षरात आहे. मी सेवा सहकारी सोसायटीचा गटसचिव, चोवीस वर्षं ठराव लिहितो आहे. मुख्याध्यापकांचं अक्षर त्यांचं त्यांनाच लागत नाही, म्हणून समितीचं बुकही पालक सदस्य या नात्यानं मीच लिहायचो. मी लिहिलं: "सदर चित्रे शाळेत लावू नयेत. सदर विषय वर्गात न घेता विद्यार्थ्यांनी तो घरी वाचावा." खाली नऊ सह्या झाल्या. मॅडमनी बुक मागितलं, दोनदा वाचलं.

"घरी?" त्यांनी विचारलं.

"हो, घरी."

"ठीक आहे."

मला तिथेच संशय यायला हवा होता. सहा वर्षांत मॅडम इतक्या सहज कधी 'ठीक आहे' म्हणाल्या नव्हत्या. पण भात रोवणीचे दिवस होते, सगळ्यांना बांधीवर जायची घाई होती. त्या घाईत आम्ही नऊ जणांनी एका पोरीचा बोलायचा रस्ता बंद केला. बाकी आठ जणांचं मी सांगू शकत नाही. मला थोडं माहीत होतं. म्हणून हे लिहितो आहे.

आमचं गाव मोहाडीपासून नऊ किलोमीटर. नाव लिहीत नाही. पोरीची ओळख पटेल असं काहीही लिहायला कायद्यानं मनाई आहे, म्हणून तीन गोष्टी मुद्दाम बदलल्या आहेत. कोणत्या, तेही सांगणार नाही.

मॅडम पन्नाशीच्या, उंच, आवाज खणखणीत. लग्न केलेलं नव्हतं. वडील तुमसरकडे मॅंगनीजच्या खाणीत हजेरी लिहायचे, असं त्या अभिमानानं सांगत. डाव्या मनगटावर पुरुषी घड्याळ, तेही वडलांचंच. गावात एक खोली भाड्यानं घेऊन राहायच्या. नागपूरला वर्षातून दोनदाच जायच्या, दसऱ्याला दीक्षाभूमीवर आणि डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाला. अधिवेशनाला कशाला, ते पुढे येतं.

त्यांच्या वर्गाची एक गोष्ट गावभर माहीत होती. दहावीच्या पुस्तकात माणसाच्या प्रजननाचा भाग आहे. आमच्या वेळी गुरुजी त्या पानांशी आले की म्हणायचे, "हे सोपं आहे, घरी वाचा." मॅडम त्या दिवशी फळ्याकडे जाण्याआधी घड्याळ काढून टेबलावर ठेवायच्या. "हसायला दोन मिनिटं. पोटभर हसून घ्या. दोन मिनिटांनंतर जो हसेल त्यानं पुढे येऊन आकृती काढायची." पोरं सुरुवातीला खिदळायची. पाऊण मिनिटात दमायची. उरलेलं सव्वा मिनिट वर्गात फार शांतता असायची, आणि मॅडम ती पूर्ण होऊ द्यायच्या.

दुसरी गोष्ट म्हणजे 'पोट' या शब्दाशी त्यांचं वैर. त्या म्हणायच्या, "तुमच्या गावात माणसाला चारच अवयव आहेत. डोकं, हात, पाय आणि पोट. गळ्याच्या खाली आणि गुडघ्याच्या वर जे काही आहे, ते सगळं पोट." कोणी पोट दुखतं म्हणालं की त्या विचारायच्या, "कोणतं?" एकदा मीही सोसायटीत सहज म्हणालो, आज पोट बरं नाही. लगेच, "कोणतं?" मी म्हणालो, "मॅडम, मी पंचेचाळीस वर्षांचा माणूस आहे." त्या म्हणाल्या, "मग तर नक्की सांगता आलं पाहिजे."

पोरी पाळीला 'कावळा शिवला' म्हणायच्या. मॅडम हजेरी घेताना थांबायच्या. "साधा कावळा का डोमकावळा? कोणत्या झाडावरचा? दर महिन्याला बरोबर तुझंच घर कसं शोधतो?" पोरी हसायच्या आणि हसता हसता खरा शब्द सांगायच्या. ऐकणाऱ्या आया मात्र हसायच्या नाहीत. "लगन नाही, लेकरू नाही, अन् आमच्या लेकराइले काय शिकवून राहिली हे बाई?" हे वाक्य मी पाणवठ्यावर ऐकलं, पानठेल्यावर ऐकलं, माझ्या स्वतःच्या ओसरीवरही ऐकलं.

आता अधिवेशन. मॅडमनी एक कायदा लिहिला होता. हसू नका, मीही आधी हसलो होतो. अकरा कलमांचं विधेयक, मोहाडीहून टाइप करून आणलेलं. कोणत्या इयत्तेत मुलांना शरीराबद्दल काय शिकवायचं, कोणी शिकवायचं, त्या शिक्षकाचं प्रशिक्षण किती दिवसांचं, हे सगळं त्यात होतं. कलम दोन: प्रत्येक अवयवाला एकच नाव असेल आणि ते वर्गात मोठ्याने म्हटले जाईल. कलम सात: 'घरी वाचा' असे वर्गात म्हणणे हा गुन्हा समजला जाईल. दर डिसेंबरात त्या रजा टाकून जायच्या, आमदार निवासाबाहेर उभ्या राहायच्या, जो भेटेल त्याला प्रत द्यायच्या आणि पोच घ्यायच्या. करोनाच्या दोन वर्षांत अधिवेशन मुंबईलाच झालं, तेव्हा रजिस्टर पोस्टानं पाठवलं. सहा वर्षांच्या एकूण पोच एकवीस. उत्तर एकही नाही.

माझी-त्यांची ओळख वाढली ती या विधेयकामुळेच. एका संध्याकाळी कागद घेऊन सोसायटीत आल्या. "सचिव, तुम्हाला 'सदर' कुठे टाकायचा ते कळतं. जरा बघा." मी बघितलं. कलम पाचमध्ये लिहिलं होतं, 'पुरेसे तास शिकवावे.' मी म्हणालो, "मॅडम, पुरेसे म्हणजे किती? उद्या कोणी वर्षाला एक तास घेईल आणि पुरेसा म्हणेल." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मी आमदार आहे. 'पुरेसे' खोडलं, 'पाचवीपासून दरवर्षी किमान बारा' लिहिलं. शेवटी 'उद्देश व कारणे' असं शीर्षक होतं आणि खाली अर्धं पान कोरं. मी विचारलं, हे? म्हणाल्या, "कारण इतकं उघड आहे, की लिहायला घेतलं की राग येतो आणि भाषा बिघडते."

मलाही आता राग येतो. माझ्या मुलीच्या शाळेत खिचडीला पहिली ते पाचवीच्या लेकराला शंभर ग्रॅम तांदूळ आणि सहावी ते आठवीच्या लेकराला दीडशे ग्रॅम, हे ठरलेलं आहे. सोसायटीत धान खरेदीला ओलावा किती टक्के चालतो, ते ठरलेलं आहे. त्याच्यावर अर्धा टक्का निघाला तर शेतकऱ्याचा माल परत जातो. धानाच्या दाण्याला मानक आहे. आणि लेकराला स्वतःच्या शरीराबद्दल कोणत्या वयात काय सांगायचं, याचा पक्का कायदा नाही. परिपत्रकं येतात. परिपत्रक फाईलला लागतं, कायदा माणसाला लागतो. एखाद्या लेकरावर वाईट गुजरलं की त्यानंतरचा कायदा आहे, आणि तो कडक आहे. त्याच्या आधीचं सगळं ज्याच्या त्याच्या घरी वाचायचं.

सभेआधीच्या एप्रिलात मॅडम हजेरीपट घेऊन माझ्याकडे आल्या. सहावीतली एक पोरगी. जानेवारीपासून चौदा गुरुवार, त्यातले नऊ गैरहजर. कारण दरवेळी पोटदुखी. इतर वारी जवळजवळ पूर्ण हजर.

"आकड्यांचं तुम्हाला कळतं, सचिव. हे काय आहे?"

मी पाहिलं आणि म्हणालो, "गुरुवारचा उपास असेल."

हे माझे शब्द आहेत. जसेच्या तसे लिहितो आहे.

मॅडम म्हणाल्या, "मी तिला विचारलं, कोणतं पोट? ती खाली बघते. तिच्याजवळ शब्दच नाही. आणि मी एकटीला बसवून तिच्या तोंडात शब्द घातला, तर उद्या म्हणतील बाईनं पढवलं. म्हणून सगळ्यांना शिकवायचं. सगळ्यांना एकदमच." जुलैत ते दोन तक्ते आले ते यासाठी. मला हे ठाऊक होतं. तरी मी ठराव लिहिला, कारण आठ जण एकीकडे होते आणि मला जेवायला घरी जायचं होतं.

ठरावानंतरच्या सोमवारी मॅडमनी सहावीपासून दहावीपर्यंत प्रत्येक वर्गात जाऊन सांगितलं, "समितीच्या ठरावाप्रमाणे हा विषय घरी वाचायचा आहे. माझ्या घरी. रविवारी दहा वाजता. ज्याला यायचं त्यानं घरी विचारून या."

चोवीस वर्षं ठराव लिहिणाऱ्या माणसानं 'स्वतःच्या' हा एक शब्द लिहिला नव्हता.

पहिल्या रविवारी नऊ पोरं गेली. चौथ्या रविवारी सव्वीस. तक्ते खोलीच्या भिंतीवर लावले होते. शाळेची भिंत नव्हतीच ती. आठवीतली माझी मुलगीही जात होती. ते मला तिसऱ्या रविवारी कळलं, म्हणजे घरात सगळ्यात शेवटी. मी बायकोवर चिडलो, "तू मला सांगितलं काहून नाही?"

ती भाकर थापत होती. वळलीसुद्धा नाही. "काहून सांगू? तुमीच लिहिलं ना घरी वाचा म्हणून? पोरगी पुस्तक घेऊन तुमच्यापाशी आली, तवा तुमाले खोकला आला. मंग माह्यापाशी आली. मले वाचता येते, पण सांगता येत नाही. मले तरी कोण सांगतलं होतं?"

मुलीनं पुस्तक आणलं होतं, हे खरं. दोन ओळी वाचून मी म्हणालो होतो, आईकडे जा. खोकल्याचंही खरं.

चौथ्या रविवारी पोरं गेल्यावर ती गुरुवारवाली पोरगी सतरंजी घडी करायला मागे राहिली. मॅडमनी काही विचारलं नाही. घडी करून झाल्यावर ती म्हणाली, "मॅडम, माहं पोट नाही दुखत." आणि मग तिनं त्या सकाळी शिकलेल्यांपैकी एक शब्द म्हटला. पोटाऐवजी तो. आणि एका माणसाचं नाव.

बुधवारी संध्याकाळी तिची आई तिला दळण घेऊन चक्कीवर पाठवायची. चक्कीवाला समितीचा सदस्य होता. ठरावावर चौथी सही त्याची आहे. खटला चालू आहे, दोष ठरवणं कोर्टाचं काम आहे, म्हणून त्याच्याबद्दल मी एवढंच लिहितो.

त्याच रविवारी दुपारी मॅडम पोरीला आणि तिच्या आईला घेऊन पोलीस स्टेशनला गेल्या. असं काही कळलं आणि कळवलं नाही, तर न कळवणाराही गुन्हेगार ठरतो, हे त्यांना कलमासकट पाठ होतं. पोरीची आई मला नंतर म्हणाली, "पोट तं सगळ्याच पोरीचं दुखते म्हटलं, भाऊ. मी ओवा देल्ला जी. आठ महिने ओवाच देल्ला."

यानंतर गाव पेटलं. कोणावर, ते सांगायलाच नको. मॅडमवर. पानठेल्यावर एक जण मला म्हणाला, "सातवीतली पोरगी, अन् शब्द कसे डॉक्टरावाणी! हे कुठून आलं? बाईनं पढवलं." मी म्हणालो, "हो, पढवलंच. शाळेत पढवतातच." तो म्हणाला, "तसं नाही जी सचिव भाऊ."

यातलं उरफाटं पहा. पोरगी 'पोट' म्हणाली तोवर कोणी ऐकलं नाही, कारण पोट सगळ्यांचंच दुखतं. बरोबर शब्द म्हणाली तेव्हा कोणी मानलं नाही, कारण बरोबर शब्द चांगल्या घरच्या पोरीला येतातच कसे. मग लेकरानं बोलायचं तरी कोणत्या भाषेत?

अध्यक्षांनी जिल्हा परिषदेत तक्रार केली. मॅडमनी समितीच्या ठरावाचा भंग केला, मनाई असलेला विषय शिकवला, मुलांना बिघडवलं. ही तक्रार नुसती मॅडमच्या नोकरीपुरती नव्हती. ठरावाचा भंग सिद्ध झाला असता, तर तोच कागद चक्कीवाल्याच्या वकिलानं कोर्टात ठेवला असता: मनाई असताना चोरून शिकवणारी बाई आणि तिनं पढवलेली पोरगी. पोरीचा एकुलता एक शब्द तिथेच खोटा पडला असता.

सप्टेंबरात शिक्षण विस्तार अधिकारी चौकशीला आले. मुख्याध्यापकांच्या खोलीत आम्ही पाच जण. अधिकारी, मुख्याध्यापक, अध्यक्ष, मॅडम, मी. आदल्या दिवशी अध्यक्ष घरी येऊन सांगून गेले होते, "सचिव भाऊ, एकच सांगायचं. घरी म्हंजे आपापल्या घरी. एवढंच. खोटं बोलाले कोणी सांगून नाही राहिलं."

आणि ते खोटं नव्हतं. म्हणूनच मला रात्रभर झोप आली नाही. लिहिताना माझ्या मनात मॅडमचं घर नव्हतंच.

अधिकाऱ्यांनी बुक माझ्यापुढे सरकवलं. "अक्षर तुमचं?"

"माझं."

"'घरी' म्हणजे कोणाच्या घरी?"

मी म्हणालो, "साहेब, कोणाच्याच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे हा विषय शिकवूच नका, असं आम्हाला म्हणायचं होतं. तसं सरळ लिहायची लाज वाटली, म्हणून 'घरी वाचावा' लिहिलं. घरी कोणी वाचत नाही, हे नऊच्या नऊ जणांना माहीत होतं. माझ्या घरी पुस्तक आलं तेव्हा मीच वाचलं नाही. या गावात तो विषय एकाच घरी वाचला गेला. ठराव पाळला असेल तर तो या मॅडमनीच पाळला आहे."

अध्यक्ष उठून उभे राहिले. "सचिव भाऊ, तुमी आपल्यातले का तिच्यातले?"

"मी ठराव लिहिणारा," मी म्हणालो. "काय लिहिलं आणि काहून लिहिलं, दोन्ही सांगून राहिलो."

अधिकाऱ्यांनी ते सगळं उतरवून घेतलं, माझी सही घेतली. मॅडमनी पिशवीतून विधेयकाची प्रत काढली, शेवटचं पान उघडलं आणि म्हणाल्या, "सचिव, ते मधलं वाक्य पुन्हा एकदा सांगा. हळू." आणि 'उद्देश व कारणे'च्या खाली, चौकशी चालू असताना, सगळ्यांच्या देखत त्यांनी लिहून घेतलं: 'घरी कोणी वाचत नाही, हे नऊच्या नऊ जणांना माहीत होतं.'

ठरावाचा भंग सिद्ध झाला नाही. मॅडमची बदली मात्र झाली, 'प्रशासकीय कारणास्तव', जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला पवनी तालुक्यात. कारण विचारायला मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. उत्तर आलं: प्रशासकीय. डिसेंबरात त्या तिथून अधिवेशनाला गेल्या. पोच दोन मिळाल्या. फोनवर म्हणाल्या, "एकानं शेवटचं पान उभ्या उभ्या वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं आणि गाडीत बसला." समितीच्या पुढच्या निवडणुकीत मी पडलो. बुक आता दुसऱ्याकडे आहे.

चक्कीवाला जामिनावर आहे. गावात यायची त्याला मनाई आहे. चक्की त्याचा भाऊ चालवतो. पोरीच्या घरासमोरून लोक डोक्यावर दळण घेऊन तिथेच जातात. मी दोघा-तिघांना हटकलं. ते म्हणाले, "चक्कीनं का गुन्हा केला जी?" गावात घरं दोनशे चौदा. मोहाडीला दळण नेणारी आम्ही सहा.

पोरीच्या घरचं दळण आम्ही आळीपाळीनं नेतो; काल माझी फेरी होती. स्कूटरवर दोन पिशव्या, अठरा किलो गहू. त्यातले सात किलो पोरीच्या घरचे. मोहाडीची चक्की एक बाई चालवते, भाव किलोला सहा रुपये. तिला एकशे आठ रुपये दिले.